हाताचं इसब (साबण-पाण्याचं): बरं होतं का, किती दिवसांत, आणि परत का येतं?

दुधनाकाठ · ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

दिवाळीची साफसफाई आणि फराळाची भांडी उरकली की आरोग्याच्या विभागात दरवर्षी हाच प्रश्न येतो. बोटांच्या बेचक्यांत लाली, अंगठीखाली खाज, पेरांवर चिरा, मीठ लागलं की चरचर. आणि शेवटी, "हे आता जन्मभराचं का?" उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आहेत म्हणून हा एकच धागा काढतोय. ज्यांना आपापल्या कामातलं बारकाईनं माहीत आहे त्यांनी भर घालावी. "मला काय झालं होतं" यापेक्षा "काय करावं, किती करावं" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला जास्त उपयोग.

विषय इरिटंट कॉन्टॅक्ट डर्मटायटिसचा, म्हणजे पाणी, साबण, धुण्याचा सोडा, सिमेंट, कूलंट (मशीनवर धातू कापताना थंडाव्याला सोडायचं तेल-पाणी), आंबट-तिखट यांनी कातडी झिजून होणारं इसब. यात शरीराचं कुठल्या पदार्थाशी वैर नसतं. कातडीला जितकं सोसतं त्याहून जास्त मारा झालेला असतो, इतकंच. त्यामुळं हे कुणालाही होऊ शकतं आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

याचे दोन प्रकार, आणि दोघांचं पुढचं भविष्य निराळं.

पहिला, एकदाच झालेला जोरदार मारा: फरशीचं ऍसिड हातावर सांडलं, ओलं सिमेंट तासभर चिकटून राहिलं. हे भाजल्यासारखंच. खोल गेलं नसेल तर दोन-चार आठवड्यांत भरून येतं आणि विषय संपतो.

दुसरा, रोज थोडं थोडं झिजत जाणारा. त्रास इथंच आहे. कातडीचा सगळ्यात वरचा थर आणि त्यातली चरबी मिळून पाणी आत धरून ठेवतात. साबण ती चरबी काढून नेतो, कातडी ती परत तयार करते. काढण्याचा वेग बनवण्याच्या वेगापुढं गेला की इसब दिसायला लागतं. दिसतं तेव्हा आतली झीज कैक महिन्यांची असते.

आता मुद्द्याचं. मलमानं लाली दोन-तीन आठवड्यांत जाते आणि हात बरा दिसतो. पण आतला थर पूर्वीसारखा सोशीक व्हायला त्यानंतरही चार-पाच महिने, कधी त्याहून जास्त लागतात. माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) नवी पांढरी माती टाकली की वरून कसं साफ दिसतं, पण ती चोपून बसलेली नसली तर पहिल्याच पावसात घर गळतं, तसंच हे. लोक तिसऱ्या आठवड्यात हातमोजे काढून ठेवतात, सहाव्या आठवड्यात हात पुन्हा फुटतात, आणि मग "औषध लागू पडत नाही" म्हणून डॉक्टर बदलतात. माझ्या मते परत येणाऱ्या निम्म्याहून अधिक केसांची गोम या मधल्या चार-पाच महिन्यांत आहे. मलम कोणतं, हा प्रश्न त्यामानानं लहान.

आकडाच हवा असेल तर स्वीडनमधला एक लांबचा पाठपुरावा २००५ साली प्रसिद्ध झाला. हाताचं इसब असलेल्यांना १५ वर्षांनी पुन्हा विचारलं. ४४ टक्क्यांना मागच्या वर्षभरात त्रास झालेला होता. मधली सगळी वर्षं सलग त्रास असणारे १२ टक्के. आणि पूर्वीपेक्षा बरं आहे म्हणणारे ७४ टक्के. यात सगळ्या प्रकारची इसबं धरलेली आहेत, आणि तिथली थंडी, तिथली कामं वेगळी. तरी अंदाज येतो: बहुतेकांचं कमी होतं, बऱ्याच जणांचं अधूनमधून डोकं वर काढतं, कायम धुमसत राहणारे थोडे.

त्या थोड्यांत कोण जातं, हेही बरंच ठरलेलं आहे. लहानपणी कोपराच्या-गुडघ्याच्या लवणीत इसब होतं ते, दाखवायला महिनोन्‌महिने उशीर करणारे, दोन्ही हात आणि नखांपर्यंत पसरलेले (हे सगळ्यात मोठं कारण), आणि ज्यांचं काम बदलत नाही ते.

———

सोडा_आणि_सोडणार · ११ नोव्हेंबर, रात्री १०:२५

छान सुरुवात. एक शंका. आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणतात, "काम करत राहा, हात निबर होतेत." ते सगळंच खोटं का?

———

दुधनाकाठ · ११ नोव्हेंबर, रात्री १०:५०

सगळं खोटं नाही. सतत हलक्या माऱ्यानं काहींची कातडी जाड होते आणि सोसायला लागते, हे खरं आहे. पण सगळ्यांची होत नाही, आणि ज्यांची लहानपणापासून इसबाची प्रकृती आहे त्यांची तर सहसा नाहीच. वर तो निबरपणा जिथं मारा बसतो तेवढ्याच जागेपुरता असतो, आणि महिनाभर काम सुटलं की ओसरतो. आधीच चिरा पडलेल्या हाताला "निबर होईल" म्हणून सोड्यात घालत राहणं म्हणजे सहा महिन्यांचं दुखणं सहा वर्षांवर नेणं.

———

मांजरा_किनारा · १२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

पाण्यावर बोलल्याशिवाय मराठवाड्यात हा विषय पुरा होत नाही. आपल्याकडं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणं एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. खोल बोअर ६०० च्या पुढं जाणं काही नवल नाही. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही: साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो, हात धुतल्यावर कातडी चिकट-खरखरीत लागते. तो चिकटपणा म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण यांची साय. ती कातडीवर बसून राहते. फेस येईना म्हणून माणूस आणखी साबण लावतो, म्हणजे मार दुप्पट.

घरात काय करता येतं:

आरओ असेल तर त्याचं शुद्ध पाणी तांब्याभर बाजूला ठेवा. भांडी, धुणं सगळं बोअरच्या पाण्यानं करा, पण शेवटी हात त्या तांब्यातल्या पाण्यानं खळखळून घ्या. रोज दोन-तीन तांबे लागतात, त्याहून जास्त नाही.

आरओचं वाया जाणारं पाणी मात्र भांड्यांना वापरू नका. टंचाईत ते टाकवत नाही हे कळतं, पण सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. फरशी पुसा, संडासात टाका.

पावसाचं पत्र्यावरचं पाणी टाकीत साठवत असाल तर हात धुवायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

आणखी एक. टँकरच्या दिवसांत एकाच घमेल्यात सगळी भांडी बुचकळून काढतात. शेवटच्या भांड्यापर्यंत ते पाणी म्हणजे साबणाचा काढाच झालेला असतो आणि हात अर्धा तास त्यात. दोन लहान घमेली करा, एक घासण्याचं, एक विसळण्याचं, आणि विसळण्याचं पाणी पुढच्या खेपेला घासायला घ्या. पाणी तेवढंच लागतं.

———

लिंबोणी · १२ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

राखेनं घासलं तर चालतं ना? देशी आहे, केमिकल नाही.

———

मांजरा_किनारा · १२ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

नाही ताई. लाकडाच्या राखेत पाणी पडलं की ते चांगलंच अल्कधर्मी होतं, जुन्या काळी कपडे धुवायला राखेचं पाणी वापरायचे ते त्यामुळंच. वर ती खरखरीत. फुटलेल्या हाताला राख आणि तारेची घासणी ही जोडी सगळ्यात वाईट. त्यापेक्षा भांड्याचं लिक्विड चमचाभर तांब्याभर पाण्यात पातळ करून लांब दांड्याचा ब्रश. वडी हातात धरून घासण्यापेक्षा हे बरं, कारण वडीचा गाळ बोटांना आणि नखांत चिकटतो.

हात धुवायला कपड्याचा साबण किंवा पावडर कधीच नको. लिंबू चोळणं, अँटिसेप्टिक पाण्यात हात बुडवणं, हळद-चुना, हे सगळं बंद.

———

औषधी_खिडकी · १२ नोव्हेंबर, दुपारी २:२०

मेडिकलच्या बाजूनं लिहितो, कारण बिघाडाचा मोठा वाटा आमच्या काउंटरवरूनच जातो.

गिऱ्हाईक हात दाखवतं आणि "खाजेचं मलम द्या" म्हणतं. मिळतं ते बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र घातलेलं: क्लोबेटासोल, मायकोनाझोल आणि नियोमायसिन. क्लोबेटासोल हे सगळ्यात तेज स्टिरॉइड. चार दिवसांत हात चकचकीत, म्हणून माणूस तेच वर्षभर लावतो. तोवर कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ झालेली असते आणि आधीपेक्षा लवकर फुटते. नियोमायसिनची काहींना ऍलर्जी होते, मग इसबावर मलमाचंच इसब. २०१८ पासून अशी तेज स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पण खेड्यात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

स्टिरॉइड वाईट नाही, बेहिशेबी वापर वाईट. तर हिशेब सांगतो.

मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढली तर ते सुमारे अर्धा ग्रॅम भरतं. एका हाताच्या दोन्ही बाजूंना अर्धा ग्रॅम पुरतं, दोन्ही हातांना एक ग्रॅम. डॉक्टरांनी रोज रात्री एकदा असं दोन आठवडे सांगितलं तर १५ ग्रॅमची एक ट्यूब बरोबर पुरते. तीच ट्यूब तुम्हाला दोन महिने पुरली असेल तर तुम्ही पुसट लावत होता. तीन दिवसांत संपली असेल तर चोपडत होता.

लाली, खाज गेल्यावर एकदम थांबवायचं नाही. बरेच त्वचारोगतज्ज्ञ पुढं काही आठवडे आठवड्यातून दोनदा लावायला सांगतात, म्हणजे महिन्याला आठ-नऊ ग्रॅम. परत उसळी कमी येते. कातडी पातळ झालेली दिसली की स्टिरॉइड सोडून टॅक्रोलिमसवर (हे स्टिरॉइड नसलेलं मलम) नेतात. त्यानं पहिले काही दिवस आग होते. ती अपेक्षितच असते, तिला घाबरून ट्यूब फेकून देऊ नका.

आता साध्या मलमाचं, म्हणजे व्हॅसलिन, पॅराफिन वगैरे. खरी चूक इथं होते. दर वेळी दोन्ही हातांना एक ग्रॅम, दिवसातून आठ वेळा, म्हणजे रोज आठ ग्रॅम, महिन्याला २४० ग्रॅम. आणि लोक काय नेतात? ३० ग्रॅमची सुवासिक क्रीमची ट्यूब, तीही सहा आठवडे पुरवतात. वास नसलेली साधी पेट्रोलियम जेली मोठ्या डब्यात घ्या, स्वस्त पडते. डब्यात ओली बोटं घालू नका, चमच्यानं काढा.

युरिया किंवा सॅलिसिलिक ऍसिड घातलेली मलमं जाड, कोरड्या तळहाताला चांगली, पण उघड्या चिरांवर झोंबतात. आधी चिरा मिटू द्या.

———

सोडा_आणि_सोडणार · १२ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

खोबरेल नाही का चालत? जेली चिकट होते, भाकरी थापायची कशी?

———

औषधी_खिडकी · १२ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

चालतं. खोबरेल वाईट नाही, फक्त लवकर निघून जातं, म्हणून वारंवार लावावं लागतं. दिवसा खोबरेल, रात्री जेली असं करा. भाकरीचं म्हणाल तर ज्वारीचं पीठ मळणं हाताला फार जड नाही, गरम पाणी आणि नंतर परात खरडून धुणं जड. मळायला कोमट पाणी घ्या, आणि हात साबणानं न धुता नुसत्या पाण्यानं धुवा. पीठ नुसत्या पाण्यानं निघतं, त्याला साबण लागतच नाही. दिवसातले निम्मे साबण असे विनाकारणच लागलेले असतात.

———

वाळूज_सेकंडशिफ्ट · १२ नोव्हेंबर, रात्री ११:५५

मशीन शॉपवाल्यांसाठी. वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत सीएनसी, लेथ, ग्राइंडिंगवर काम करणाऱ्यांच्या हातांचं कारण बहुतेक वेळा पाण्यात मिसळायचं कूलंट असतं. ते साधारण नऊ पीएचचं असतं (पीएच म्हणजे आम्ल-अल्कधर्मी मोजायचं माप, सातच्या वर अल्कधर्मी), कातडी आपली साडेचार ते साडेपाचची. त्यात गोष्टी बिघडतात त्या अशा:

एक, मिश्रण घट्ट होतं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, तेल मागं राहतं. रिफ्रॅक्टोमीटरनं (मिश्रण किती घट्ट ते दाखवणारं साधन) दर शिफ्टला बघायचं आणि पुरवठादारानं दिलेल्या टक्केवारीत ठेवायचं. अंदाजानं कॅन ओतणं बंद. पाणी जड असेल तर इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) फुटतं, तेल वर तरंगतं, मग ऑपरेटर आणखी कॅन ओततो आणि मिश्रण हाताला आणखी तेज होतं.

दोन, बारीक बुरा. कूलंटमध्ये तरंगणारे धातूचे कण कातडीला ओरखडतात आणि त्या ओरखड्यांतून कूलंट आत जातं. त्यातच बुडवलेल्या चिंधीनं हात पुसणं म्हणजे सँडपेपर. चिंधी मशीनला वेगळी, हाताला वेगळी.

तीन, आणि सगळ्यात वाईट: शिफ्ट सुटताना थिनर, रॉकेल किंवा पेट्रोलनं हात धुणं. ग्रीस निघतं, त्याबरोबर कातडीची सगळी चरबीही निघते. ग्रीस खाद्यतेलानं किंवा जेलीनं चोळून सैल करा, कागदानं पुसा, मग सौम्य साबण. पाच मिनिटं जास्त लागतात.

हातमोज्यांबद्दल ठळक सांगतो: फिरत्या चकजवळ, ड्रिलजवळ हातमोजे घालायचे नाहीत. मोजा अडकला तर हात जातो. इसब परवडलं. मोजे फक्त जॉब उचलताना, टाकी साफ करताना, मशीन बंद असताना. चालू मशीनवर उपाय म्हणजे स्प्लॅश गार्ड लावणं आणि बुरा ब्रशनं किंवा हुकनं काढणं, बोटानं नाही. हवेच्या पाइपनं हात फुंकू नका, कण आत घुसतात.

आणि कागदपत्र. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत रसायनांनी, रंगांनी होणारा संपर्कजन्य त्वचादाह कळवण्याजोग्या आजारांत धरला होता. म्हणून कंपनीच्या दवाखान्यात पहिल्याच वेळी नाव, तारीख, मशीनचं काम आणि कूलंटचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि झेरॉक्स घरी ठेवा. "खाज" एवढंच लिहिलेली चिठ्ठी पुढं विभाग बदलून मागताना उपयोगी पडत नाही.

———

घमेलं_फावडं · १३ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

सिमेंटचं थोडक्यात. ओलं सिमेंट १२-१३ पीएचचं, म्हणजे धुण्याच्या सोड्याहून कडक. वर त्यात क्रोमियम असतं, त्याची ऍलर्जी होते. दोन्ही एकाच हातात नांदू शकतात. युरोपात २००५ पासून सिमेंटमधलं हे विरघळणारं क्रोमियम दशलक्षात दोन भागांच्या आत ठेवावं लागतं, त्यासाठी फेरस सल्फेट घालतात.

साइटवर सगळ्यात जास्त बिघडतं ते सुती हातमोज्यानं. सुती मोजा मसाला शोषून घेतो आणि हाताला पोटीस बांधल्यासारखा धरून ठेवतो. जाड रबरी मोजे घ्या, कड बाहेरच्या बाजूला दुमडा म्हणजे हात वर केला तरी मसाला आत उतरत नाही. आत मसाला गेला तर तिथंच थांबून काढा, "जेवणाच्या सुट्टीत बघू" नको. हात मसाल्याच्या पिंपात धुतात ते बंद, वेगळी स्वच्छ बादली.

साधं इसब काम सोडलं की निवळतं. क्रोमियमची ऍलर्जी एकदा जडली तर जन्मभर राहते, आणि काहींचं इसब गवंडीकाम सोडल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहतं. म्हणून गवंड्यानं पहिल्याच वर्षी तपासून घ्यावं.

———

चिंचोका · १३ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

आमच्या नावाचा मान राखून चिंच फोडणीचं लिहितो. 😄 शिमग्याच्या आगेमागे बालाघाटाच्या पट्ट्यात घरोघर हे काम चालतं. हातोडीनं टरफल उडवायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके काढायचे. चिंचेत टार्टारिक ऍसिड, त्यात शिरांचं घासणं, दिवसाला आठ तास. ज्या हातानं चिंच धरतात त्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आधी सोलतं. हातोडीचा हात बराच ठीक. लसूण सोलणाऱ्यांतही हीच तीन बोटं जातात, पण लसणाची बऱ्याचदा ऍलर्जी असते.

धरायच्या हातात पातळ नायट्राइलचा मोजा, घामानं ओला झाला की बदलायचा. तीन बोटांना कागदी चिकटपट्टी गुंडाळली तरी बराच मार वाचतो. चिरांत आंबट गेलं की बायका हात पाण्यात धरून बसतात, त्यानं आणखी मऊ होऊन फाटतं. एकदा धुवा, टिपा, तेल लावा.

मिरची कांडपाचं निराळं. तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आग होत असेल तर आधी तेल चोळून पुसा, मग साबण.

———

वॉर्ड_नंबर_सात · १३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

हातमोजे, हात धुणं हा आमचा रोजचा विषय, म्हणून दोन शब्द.

ओलं काम कशाला म्हणायचं याचं जर्मनीत पूर्वी वापरात असलेलं माप उपयोगी आहे: दिवसात दोन तासांहून जास्त हात पाण्यात, किंवा तेवढाच वेळ बंद मोज्यात, किंवा वीसहून जास्त वेळा हात धुणं. या मापानं पाहिलं तर सहा माणसांच्या घरातली बाई नर्सइतकंच ओलं काम करते.

दुसरी अट नीट वाचा. मोजाही हात भिजवतो. एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत रबरी मोज्यात दहा मिनिटांत घाम साचतो. म्हणून:

आत सुती मोजा घाला. जुन्या बनियनच्या कापडाचा घरी शिवता येतो, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर ती बोटांना घासते. चार-पाच जोड हवेत, कारण ओला झाला की बदलायचा.

सलग वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त नको. भांडी दोन टप्प्यांत करा.

ओल्या हातावर मोजा कधीच चढवायचा नाही.

आठवड्यातून एकदा मोज्यात पाणी भरून दाबा. थेंब आला की फेका. भोक पडलेला मोजा मोजा नसण्यापेक्षा वाईट, कारण साबण आत गेला की बाहेर निघत नाही.

दवाखान्यात काम करणाऱ्यांनी, हात दिसायला मळलेले नसतील तर साबणाऐवजी अल्कोहोलचं हँडरब वापरावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं ते कातडीसाठीच. चिरांवर ते झोंबतं, म्हणून सगळे "याच्यानंच हात गेले" म्हणतात. झोंबणं म्हणजे इजा नव्हे. इजा साबणानं आधीच केलेली असते. साबण आणि रब लागोपाठ मात्र नको.

———

लिंबोणी · १३ नोव्हेंबर, दुपारी ४:१८

ऍलर्जीचं आहे की साबणाचं, हे घरी कसं ओळखावं? आणि नायटा असला तर?

———

दुधनाकाठ · १३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

घरी पक्कं ओळखता येत नाही, अंदाज बांधता येतो.

साबणाचं: बोटांच्या बेचक्यांत, अंगठीखाली सुरू होतं. खाजेपेक्षा आग, चरचर जास्त. सुट्टीत कमी होतं.

ऍलर्जीचं: खाज भयंकर, बारीक पाण्याचे फोड, आणि जिथं पदार्थ लागला नाही तिथंही पसरतं. मनगट, कोपर, पापण्या. आपल्याकडं पापण्या, मान, कोपराची लवण असं एकदम उठलं तर आधी गाजरगवताचा संशय घ्या. केसांच्या काळ्या रंगातल्या पीपीडी या रसायनाचंही तसंच.

नायटा: एकाच तळहातावर पीठ भुरभुरल्यासारखी कोरड, रेषांत पांढरं, आणि दोन्ही तळपायांना तसंच. "दोन पाय एक हात" दिसलं की स्टिरॉइड लावायचं नाही, आधी कातडी खरवडून पोटॅशची (बुरशी आहे का बघायची) तपासणी करायची. ती स्वस्त आहे, दहा-पंधरा मिनिटांत होते.

चट्ट्याला खाज नाही, उलट तिथं बधिर आहे, टोचलेलं कळत नाही, तर हे इसब नाही. सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगासाठी तपासून घ्या, औषध फुकट असतं.

नीट काळजी घेऊनही तीन महिन्यांत फरक नाही, तर पॅच टेस्ट. घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर, नांदेड या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत, आधी फोन करून ती होते का, कोणत्या वारी, ते विचारा. पाठीवर पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढून वाचतात, पुन्हा ७२ किंवा ९६ तासांनी. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम गाळायचा नाही. म्हणून मे महिन्यात करू नका, पट्ट्या घामानं सुटतात आणि चाचणी वाया जाते. डिसेंबर-जानेवारी उत्तम. पाठीवर स्टिरॉइड मलम किंवा पोटात स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, खोटा "काही नाही" असा निकाल येतो. कामावरचं कूलंट, साबण सोबत न्या, पण आपल्या मनानं पाठीवर लावून बघू नका.

साबणाचं म्हणून सुरू झालेल्यावर नंतर ऍलर्जी चढते, हेही लक्षात असू द्या. फुटलेल्या कातडीतून पदार्थ आत जातात आणि शरीर त्यांना ओळखू लागतं. फवारणीचंही त्याच कारणानं: हात फुटलेले असताना कपाशीवर औषध मारायला जाऊ नका, विष जास्त मुरतं.

———

मांजरा_किनारा · १४ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

एक अडचण कुणी लिहिली नाही. रेशन दुकानात अंगठा उठत नाही. इसबात बोटांच्या रेषा झिजतात किंवा पापुद्र्याखाली जातात आणि मशीन "जुळत नाही" म्हणतं. रेषांचा ठसा कातडीच्या खालच्या थरात असतो, त्यामुळं हात बरा झाला की त्या परत येतात.

तोवर: रोज एकच अंगठा लावून बघू नका, दहाही बोटं करून बघा, करंगळी आणि अनामिका बऱ्याचदा शाबूत असतात. जाण्याआधी तासभर मलम नको, बोटं कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करून जा. आधारला डोळ्याच्या बुबुळाची आणि मोबाइलवर ओटीपी येण्याची सोय आहे, म्हणून मोबाइल नंबर जोडलेला असावा. ठसे नव्यानं द्यायचे तर आत्ता नाही, हात बरा झाल्यावर द्या. फुटलेल्या हाताचे ठसे दिले तर पुढं बऱ्या हाताचे जुळायचे नाहीत.

———

सोडा_आणि_सोडणार · १४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

हा मुद्दा एक नंबर. मग दुधनाकाठ, ते चार-पाच महिने नेमके कसे काढायचे, एकदा क्रमानं सांगता का? नवीन माणूस एवढा धागा वाचणार नाही.

———

दुधनाकाठ · १४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

पहिले दोन-तीन आठवडे: डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड रात्री, मापानं. अंगठी, बांगड्यांचा घट्ट जोड काढून ठेवा, त्याखाली साबण साठतो. दिवसा पाण्यातून हात काढला की टिपून तीन मिनिटांच्या आत जेली. हात पुसताना बेचक्यांतून टॉवेल फिरवा, तिथं ओल राहते. पिवळी खपली, पू, ठणका, नखाच्या कडेला सूज दिसली तर ते जंतूंचं, मलम वाढवून जाणार नाही. लगेच दाखवा.

खोल चिरांना: रात्री वीस मिनिटं साध्या कोमट पाण्यात हात, टिपून लगेच मलम, वर सुती मोजे घालून झोप. चिरेच्या दोन्ही कडा जवळ आणून कागदी चिकटपट्टी आडवी लावली की दोन-तीन दिवसांत मिटते.

दुसरा-तिसरा महिना: लाली गेलेली असते. जेली आठ वेळांवरून सहावर आणली तरी चालेल, मोजे एकदाही सोडायचे नाहीत. लोक सोडतात ते इथंच, कारण पाहुण्यांसमोर मोजे घालायला लाज वाटते आणि हात तर "बराच" दिसतो. घरातल्यांनी भांड्यांची पाळी लावून घेतली तर औषधापेक्षा जास्त गुण येतो, आणि हे सुनेनं नाही, घरातल्या कर्त्यानं सांगावं.

चौथा महिना ते सहावा: एकेक काम बिनमोज्याचं करून बघा, तेही पाच मिनिटांचं. दोन दिवस थांबा. बेचक्यांत ताण, गुलाबी झाक, साबणाची चरचर यातलं काही आलं तर दोन आठवडे मागं जा. एका प्रकारच्या उजेडात, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन्ही हातांचा, दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. डॉक्टरला तोंडी वर्णनापेक्षा हे सहा फोटो जास्त सांगतात.

वर्षात तीन-चारदा उसळी येत असेल, किंवा तळहात जाड होऊन बोटं मिटेनाशी झाली असतील, तर मलमावर रेटू नका. अतिनील किरणांचे उपचार, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन असे पुढचे उपाय आहेत. त्यांना रक्ततपासण्या लागतात, ते त्वचारोगतज्ज्ञाच्या हाताखालीच.

काम बदलण्याचा प्रश्न शेवटी येतो, आणि त्यावर मी सरसकट सल्ला देणार नाही. साधं इसब असेल तर काम तेच ठेवून पद्धत बदलली की बहुतेकांचं भागतं. ऍलर्जी पॅच टेस्टवर सिद्ध झाली आणि तो पदार्थ कामातून काढता येत नसेल तर उशीर करू नये. शिकाऊ पोरांचं मात्र वेगळं: लहानपणी इसब होतं आणि आता हेअर सलून, नर्सिंग, मशीन शॉप किंवा मेसमध्ये लागणार, तर प्रवेश घेण्याआधीच त्वचेच्या डॉक्टरला एकदा हात दाखवून घ्या.

———

औषधी_खिडकी · १४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

एक दुरुस्ती. रात्री जेली लावून चुलीपुढं किंवा गॅसपुढं जाऊ नका, आणि ते सुती मोजेही नीट गरम पाण्यात धुवा. पॅराफिन मुरलेलं कापड धुतल्यावरही लवकर पेट घेतं. दोन महिने झाले की मोजे टाकून नवे शिवा.

———

चिंचोका · १४ नोव्हेंबर, रात्री १०:१२

बनियन संपतील ना हो घरातल्या. 😄 धागा वर बांधून ठेवा ही ऍडमिनला विनंती. चिंचेचा हंगाम आला की परत लागणार आहे.